बुद्धमूर्ती आणि स्प्रिंग बार

राजारामचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. प्लेनोजवळ लोखंडी फाटकं बनवणाऱ्या एका कारखान्यात तो वेल्डर होता. सहाला शिफ्ट लागायची, आणि अंग मोकळं झाल्याशिवाय त्याला वेल्डिंगला हात घालायला आवडत नसे. धाकटा भाऊ विवेक सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या मागोमाग राजाराम आणि त्याची बायको रमाबाई नागपूरहून टेक्सासला आले. त्याला आता बारा वर्षं झाली होती.

२००५ च्या एप्रिलात तिथल्या बौद्ध मंडळींच्या विहाराची बुद्धमूर्ती जहाजाने ह्यूस्टनला पोचणार होती. काळ्या दगडाची, पेटीसकट सव्वा टन. आजवर विहार म्हणजे भाड्याची एक खोली आणि भिंतीवर एक तसबीर. पाच वर्षं लोकांनी वर्गणी काढली तेव्हा कुठे मूर्ती घडली. ह्यूस्टनहून आणायची कोणी, असं बैठकीत विचारलं तेव्हा राजाराम म्हणाला, "माझ्यावर सोडा." त्या रात्रीपासून त्याची झोप उडाली. दगडाला तडा गेला तर दुसरी मूर्ती येत नाही.

पिकअप ट्रक त्याचा स्वतःचा होता. बंद ट्रेलर एका मित्राचा. ट्रकच्या मागच्या नुसत्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलर अडकवला की ट्रकचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. त्याला उपाय म्हणजे वजन वाटून देणारी हिच, ट्रक आणि ट्रेलर जोडणारा सांधा. तिला दोन लांब पोलादी सळया असतात, स्प्रिंग बार. साखळीने ताणून बसवल्या की मागचा भार उचलून थोडा पुढच्या चाकांवर टाकतात. पण बार भारानुसार घ्यावे लागतात.

"दादा, सगळ्यात हेवी घेऊन टाक ना यार," विवेक म्हणाला. "डोक्याला ताप नाही."

"छकड्याला रेल्वेची स्प्रिंग लावशील का तू? ताठ बार असले तर प्रत्येक खड्ड्यात ट्रेलर उडेल. आत काय आहे ते विसरलास?"

राजारामने कारखान्यातलं भंगार मागून आणलं, मूर्तीइतकं वजन ट्रेलरच्या मधोमध, चाकांच्या वर रचलं, आणि ट्रेलरच्या नाकाचा भार वजनकाट्यावर घेतला. साडेपाचशे पौंड. त्याने सहाशेचे बार घेतले. ट्रकखाली सरपटत जाऊन रिसीव्हरवरची चिकटपट्टी वाचली. रिसीव्हर म्हणजे हिच जिथे बसते ती चौकोनी नळी. ती हजाराच्या वर सोसणार नव्हती. सगळं जुळलं.

ह्यूस्टनच्या गोदामात मूर्तीच्या कंटेनरमधूनच विहाराच्या जेवणावळीसाठी नागपूरची मोठाली पातेलीही उतरली. फोर्कलिफ्टवाल्याने पेटी उचलली आणि विचारलं, कुठे?

रमाबाईंनी हात जोडले होते. म्हणाल्या, "पुढे ठेवा. अगदी पुढे. त्यांच्यापुढे दुसरं सामान नको."

पेटी चाकांच्या वर हवी, हे मोजमाप राजारामला तोंडपाठ होतं. पण त्याचेही हात जोडलेले होते. तथागतांच्या पुढ्यात पातेली रचायची हे त्याच्याही मनाला येईना. पेटी पुढच्या भिंतीला टेकली, पातेली तिच्या मागे गेली. त्याने दार लावलं.

शहर सुटलं तशी स्टिअरिंग हातात पोकळ वाटू लागली. शेजारून अठरा चाकी ट्रक गेला की त्याचा ट्रक लेनच्या रेषेकडे सरके. त्याने वेग उतरवला. रमाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मागून गाडीत येणाऱ्या विवेकचा फोन आला.

"दादा, तुझ्या ट्रकचं नाक वर आलंय. विमानासारखं. टेक-ऑफ घेतोयस का?"

राजारामला हसू आलं नाही. पुढच्या गावात ट्रेलरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मालकीणबाईंनी ट्रेलरच्या नाकाखाली काटा लावला. साडेअकराशे.

"बाराशेचे बार आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "पण तुमचा रिसीव्हर किती सोसतो?"

"हजार."

"मग बार विकत नाही. माल मागे सरकवा."

राजाराम ट्रेलरच्या दारात उभा राहिला. दुकानात जड पेट्या उचलून सरकवायचा पॅलेट जॅक होता, हात लावायचा तेवढाच अवकाश. "पातेली पुढे घ्यावी लागतील," तो बायकोकडे न बघता म्हणाला. "मागे ठेवली तर ट्रेलर शेपूट हलवतो."

"म्हणजे भांडी त्यांच्या पुढे?"

"हो."

रमाबाईंनी पेटीकडे पाहून हात जोडले. मग म्हणाल्या, "पंगतीत घरचा माणूस शेवटी बसतो. बसू द्या त्यांनाही मागे. पण नीट पोचवा."

"वहिनींनी परमिशन दिली!" विवेकने बाह्या सरसावल्या. पातेली उतरवली, पेटी चाकांवर आणून पट्ट्यांनी आवळली, पातेली पुढे रचून बांधली. पुन्हा काटा. सहाशे ऐंशी. घरी मापताना पातेली हिशेबात नव्हती. आता सहाशेचे बार अपुरे, बाराशेचे ताठ. बाईंनी आठशेचे काढले. हिचचं डोकं तेच राहिलं, बार तेवढे बदलले. राजारामने साखळीची कडी मोजून ताणली, पुढच्या चाकावरची उंची टेपने पाहिली. ट्रकचं नाक खाली आलं होतं.

पुढचे चार तास तो उजव्या लेनमधून गेला. दर पन्नास मैलांनी थांबून पट्ट्या, साखळ्या, बार चाचपले. विवेक वैतागला, पण थांबला.

विहाराच्या दारात पेटी उघडली तेव्हा त्याने मूर्तीवर तळहात फिरवला. कान, खांदे, मांडीवरची बोटं. कुठेही ओरखडा नव्हता. मग तो पायरीवर बसला.

विहाराने बारचे पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. त्या वसंतातले सगळे शनिवार तो जादा पाळीला गेला, दोन जोड बार आणि एका हिचचे पैसे भरून काढायला.