तांदळात लिहिलेलं नाव

फोन आला तेव्हा मी कोर्टात निघायच्या घाईत होते. नोएडाच्या सोसायटीतला चौकीदार बोलत होता, "मॅडम, टीचरजी नहीं रहीं." मालतीकाकू गेल्या. पुढच्या आठवड्यात आमच्या केसची तारीख होती आणि मला आधी ती तारीखच आठवली... याची अजून लाज वाटते.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये काका-काकू आमच्या समोर राहायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी निम्मी त्यांचीच. काकू शाळेत शिकवायच्या. काका निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि होती नव्हती ती पुंजी घालून दोघं यमुनेपलीकडे नोएडाच्या फ्लॅटमध्ये गेले. तेव्हा तिकडे सोसायट्या आधी उभ्या राहत आणि रस्ते मागून येत. काकूंनी धुळीला शिव्या घालत घर लावलं. "सुधा, हे घर आता कोणी रिकामं करायला सांगणार नाही," असं त्या मी गेले की दर वेळी म्हणायच्या.

मी नुकती वकील झाले होते. मृत्युपत्र करायला काकांनी मोठ्या कौतुकाने मलाच बोलावलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले : माझ्या पश्चात हा फ्लॅट माझी पत्नी मालती हिला मिळावा. आतून काकू ओरडल्या, "चलो, झालं असेल तर पोहे घ्या गरम गरम." काकूंचा एकही कागद मी पाहायला मागितला नाही. जिच्या हातचं खाऊन मी वाढले, तिचं नाव काय विचारायचं?

काका गेल्यावर काकू ते मृत्युपत्र घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेल्या. सेक्रेटरीने त्यांचे कागद पाहिले आणि म्हणाला, "वसीयत तो मालती के नाम है. आप कुसुम हैं. ये मालती कौन है?"

कुसुम हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "अगं, लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने मालती लिहिलं, झाले मालती," काकू सांगू लागल्या. "शाळेचे, बँकेचे कागद माहेरच्या नावाचेच राहिले. कोणाला सुचतंय तेव्हा?" मराठी घरात यात नवल ते काय! इकडच्या सरकारी खिडक्यांवर मात्र काकांना दोन बायका झाल्या. लग्नाची नोंदणी नव्हती, लग्नाला आलेली माणसं गेली होती, आणि ते तांदूळ तर दुसऱ्याच दिवशी शिजले असतील. उरलं होतं ते पितळी ताट. त्याच्या काठावर माहेरच्यांनी 'चि. कुसुम हिस' असं कोरून दिलं होतं.

"अच्छा, पण श्रीकांत आहे की!" काकू म्हणाल्या. श्रीकांत हा काकांचा सख्खा पुतण्या. यूपीएससीच्या तयारीसाठी दोन वर्षं त्यांच्याकडे राहून गेलेला, आता नागपूरला. येऊन एवढं खरं सांग, असं पत्र काकूंनी त्याला स्वतःच्या हाताने लिहिलं. उत्तर त्याच्या वकिलाकडून आलं. माझ्या काकूचं नाव मालती होतं, ही कुसुम कोण ते मला ठाऊक नाही, सबब फ्लॅट तिच्या नावावर करण्यास हरकत आहे. काकूंनी ते दोनदा वाचलं. "याला तिखट सोसत नाही म्हणून दोन वर्षं आम्ही फिकं जेवलो गं," एवढंच म्हणाल्या.

मग तीन वर्षं तारखा. कापडी पिशवीत ते ताट घेऊन काकू बसने कोर्टात यायच्या. समोरचा वकील एकदा हसून म्हणाला, "जनाब, बर्तन तो किसी का भी हो सकता है." काकूंनी ताट पुन्हा पिशवीत घातलं. शेवटच्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "सुधा, मी मेले तर कोण मेली म्हणून लिहितील गं?" मी चिडले. "काहीतरीच काय काकू, पुढच्या तारखेला होऊन जाईल." तसं काही होणार नव्हतं. मला ते माहीत होतं.

श्रीकांतला मीच कळवलं. माहेरचं कोणी उरलं नव्हतं, अग्नी कोण देणार? तो आला, सगळं रीतसर केलं. स्मशानातल्या खिडकीवर कारकुनाने विचारलं, "नाम?" मी 'कुसुम उर्फ' म्हणायला तोंड उघडलं, तोच बाजूने श्रीकांत म्हणाला, "मालती."

"आपसे रिश्ता?"

"चाची थीं मेरी."

आवाज जरासुद्धा हलला नाही त्याचा. निपुत्रिक विधवेमागे नवऱ्याकडची माणसं वारस होतात, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. काकू जिवंत होत्या तोवर त्याला कुसुम सोयीची होती, आता मालती. जे एक वाक्य त्याच्या तोंडून यावं म्हणून त्या बाईने तीन वर्षं बस धरल्या, ते त्याने पावतीसाठी हात पुढे करत उच्चारलं. मला त्याची गचांडी धरायची होती... मी त्याच्या शेजारी नुसती उभी राहिले.

आता मृत्युपत्राला कोणी जोडपं आलं की मी आधी बाईंना विचारते, लग्नाआधीचं नाव काय? त्या नवऱ्याकडे पाहून लाजतात, मग हळूच सांगतात. हे शहाणपण मला काकूंच्या जिवावर आलं.

ताट माझ्याच कपाटात आहे. परवा पुसायला काढलं. काठावरचं 'कुसुम' अजून बोटाला लागतं. जिथे मालती लिहिलं होतं, तिथे मी कितीदा तरी हात फिरवून पाहिला.