लाकडी विमानातल्या चपला

ताज्या प्लायवूडचा वास आला की मला खोपोलीच्या कारखान्यातलं ते विमान दिसतं. नव्या प्रवासी जेटचा तो लाकडी नमुना होता. पंख नाहीत, मधे एकच अरुंद वाट आणि दोन्हीकडे खुर्च्या. आग लागली तर माणसं किती लवकर बाहेर पडतात, हे पाहायला साहेबांनी आम्हा गाववाल्यांना आत बसवलं होतं. खिडकीतून, शेडच्या उघड्या दारापलीकडे, घाटावरचे ढग सरकत होते. "उडालं बघ रं," शेजारी बसलेली आत्या कुजबुजली. तेवढ्यात शिट्टी झाली आणि सगळे दारातच अडकले, कारण चढताना काढलेल्या चपला जो तो शोधत होता. साहेब वैतागले, "उद्या मुंबईची माणसं आणा." मी तडकलो, "मग हे विमान फक्त त्यांच्यासाठीच बनतंय का?" साहेबांनी हातातलं घड्याळ शून्यावर आणलं. मग म्हणाले, "पुन्हा बसा. पण चपला घालून." "बसायच्या जागी चपला घालून कसं जायचं, सायेब? आमी मांडीवर घेतो," आत्या म्हणाली. दुसऱ्या शिट्टीला चपला छातीशी धरून सगळे भराभर बाहेर आले, आणि घड्याळ पाहून साहेब हसले. ते विमान पुढे खरं बनून कधी उडालं नाही. पण आता संघटनेच्या पत्रकात 'जनता' हा शब्द लिहिताना मला अजून खिडकीशी बसलेली आत्या दिसते. मांडीवर चपला, आणि खाली ढग.