मुळातलं चांदणं

लायगन चाळिशी उलटली तरी सडाच होता. पाठीला जन्मापासून पोक, त्यात स्वभाव मुखदुर्बळ. चीनमधल्या फेंगहुआंग डोंगराच्या उतारावर त्याची मुदानची, म्हणजे औषधी पिओनीची, झाडं होती. औषध मुळांच्या सालीत असतं, म्हणून दर वसंतात कळ्या खुडून त्यानं पाच वर्षं मुळं पोसली होती.

त्या वर्षी सालीतला लाकडी गाभा ओढून काढायला नदीपलीकडून बाया आल्या. त्यांत यिनदी होती. नवरा वारलेला, जीभ फटकळ. वाकडं मूळ हाती आलं की बोटं सोलवटतात. पण यिनदीच्या टोपलीत रोज सरळसोट मुळंच पडायची.

"यिनदे, तुझ्या टोपलीवर कुणाची मर्जी बसलीय गं?" बाया खिदळायच्या. लायगन खाली मान घालून टोपल्या भरत राहायचा.

साल वाळली, तसा एक नवखा व्यापारी आला. सालीच्या आतल्या अंगाला बारीक पांढरे कण चांदण्यासारखे चमकत होते. त्यानं नाक मुरडलं. "मालाला बुरशी लागलीय. मला नको."

लायगन माल परत पोत्यात भरू लागला. यिनदीच उठली आणि सालीचा तुकडा तिनं व्यापाऱ्याच्या नाकाशी धरला.

"कुबट वास येतोय का, साहेब? बोट फिरवून बघा. बुरशी मऊ लागते, हे खरखरतं. मुळातलं सत्त्व आहे हे. जितकं चांदणं, तितका गुण. औषधाचा धंदा करता आणि औषधच ओळखत नाही?"

व्यापाऱ्यानं वास घेतला, बोट फिरवलं आणि ओशाळला. सगळा माल त्यानं उचलला.

बाया परत निघाल्या तेव्हा यिनदी मागे रेंगाळली.

"महिनाभर निवडून निवडून सरळ मुळं घातलीस. तोंडानं बोलायला काय धाड भरली होती?"

"तुझी बोटं..." लायगन अडखळला. "राहतेस इथं?"

"कामाला?"

"नाही."

ती खळखळून हसली आणि पाठीवरचं गाठोडं तिनं खाली ठेवलं.

त्या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. मध्यंतरी शहरातली एक संशोधक मुलगी त्या कणांचा नमुना न्यायला आली होती. "याला पिओनॉल म्हणतात, आजी," ती म्हणाली. यिनदीनं नाव दोनदा तोंडात घोळवलं. "असू दे बाई. आमच्याकडे ते हाक न मारताच येतं."

अलीकडे लायगनची पाठ फार ठणकते. जेवणं झाली की यिनदी सालीचं तेल कोमट करते आणि त्याच्या पोकावर हलक्या हातानं चोळत बसते. तो डोळे मिटून पडतो, लहान मुलासारखा.

"पुरे का रे आता?"

तो हूं म्हणत नाही. म्हटलं तर ती हात थांबवेल.