अर्जावरचं कपाळ

काल शेजारच्या पोरीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसले. तिचे वडील फौजेतून रिटायर होऊन आले आणि वर्षाच्या आत गेले, माझ्या वडिलांसारखेच. तिच्या आईचा फोटो चिकटवताना डिंकाचा वास आला आणि मी थेट आमच्या बावडा गावातल्या फोटो स्टुडिओत जाऊन पोचले.

तेव्हा मी दहावीत होते. आई स्टुलावर ताठ बसली होती, कपाळावर ठसठशीत लाल टिकली. वडिलांनी जाताना सांगितलं होतं, काढायची नाही. गावाची बोलणी खात तिनं ती राखली होती. चुलते दारातूनच म्हणाले, "वैनी, फारम विधवेचा हाय. टिकली बघून सायेब म्हणंल, नवरा जिता हाय."

आईनं माझ्याकडं पाहिलं. "तुज्या बापाला शबूद दिलाय गं."

मला पुण्याच्या कॉलेजचं वेड लागलं होतं. "बाप कुठं हाय आता?" मी म्हणाले आणि नखानं टिकली उचकटली. खाली फिकट गोल राहिला. तोही दिसू नये म्हणून रुमाल थुंकीनं ओला करून घासला. आई हलली नाही. फोटोवाला म्हणाला, "मावशी, हसायचं न्हाय."

शिष्यवृत्ती मिळाली. आईनं मरेपर्यंत पुन्हा टिकली लावली नाही.

काल फोटोच्या चौकटीखालची ओळ वाचली. चेहरा स्पष्ट दिसावा, एवढीच अट. तेव्हाही तीच असणार. अर्ज माझ्याच हातात होता, आणि आई, चुलते आणि मी, आम्हा तिघांत वाचता येणारी मी एकटीच होते.