घरच्या झाडाची जांभळं

वणीच्या बसस्टँडबाहेर जांभळं विकणारी ती बाई एका जागी स्थिर बसत नसे. तोलता तोलता फुटकं जांभूळ वेचून स्वतःच्याच तोंडात टाकायची. आम्ही तिघा मित्रांनी वाइन करायला पाच किलो घेतली तेव्हा म्हणाली, "माह्या घरच्या झाडाचे हायेत. झाली का मले बी घोटभर चाखू द्या."

बरणी माझ्याकडे होती, म्हणून ती रोज मलाच अडवायची. "फेस आला काय? झाकण नोका लावू, फडकं बांधा."

दीड महिन्यानं, रविवारी दुपारी, आम्ही वाइन गाळली आणि एका बैठकीत संपवली. फार छान झाली होती. बाईची आठवण मला रिकाम्या बाटल्या धुताना झाली.

सोमवारी तिच्या टोपलीत भुट्टे होते. तिनं विचारलं आणि मी म्हणालो, "खराब झाली."

ती बराच वेळ पदराला हात पुसत राहिली.

यंदा पुन्हा जांभळं दिसली. मी घुटमळलो तशी म्हणाली, "बिनघोर घ्या. बाजारातले हायेत. त्या झाडाचे मी आता इकतच नाई."

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं चवीला म्हणून एक जांभूळ माझ्या हातावर ठेवलं.