बोरीच्या पाल्याची नळी

आमच्या प्रयोगशाळेत पीएचडी झालेले चौघं आहोत. पण पानातून डीएनए काढायची वेळ आली की चौघंही रामहरीभाऊंच्या तोंडाकडे बघतो. हुद्दा मदतनीस, शिक्षण नववी नापास, नोकरी बावीस वर्षं. हे मी कौतुकानं सांगत नाही, आमची लाज म्हणून सांगते आहे.

ते मुकुंदवाडीहून सायकलवर येतात. आले की खल थंड करायचा, त्यात द्रव नायट्रोजन ओतायचा आणि पानं बत्त्यानं अगदी पिठासारखी दळायची. पीठ जरा वितळलं तरी चिरलेल्या वांग्यासारखं काळं पडतं, मग सगळं वाया. त्या गारठ्यानं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली आहेत. हातमोजे घाला म्हणून मी कितीदा ओरडले. "मोजा घातला की पान कळत नाय, मॅडम," एवढंच म्हणतात.

त्यांची पत्नी पुतळाबाई तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून उरलेला माणूसही त्या बोटांसारखाच झाला होता. रडले नाहीत. तेरावं झाल्यावर कामावर आले, कपाशीचे चाळीस नमुने दळले, खल धुऊन पालथे घातले आणि घरी गेले. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

या हिवाळ्यात दोन दिवस ते एक पिशवी घेऊन माझ्या टेबलाभोवती घुटमळत राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवायची जुनी सवय. तिसऱ्या दिवशी मी खेकसले तेव्हा पिशवी उघडली. आत बोरीचा वाळलेला पाला होता, शेळ्यांना घालतात तो.

पुतळाबाईंच्या माहेरी, बिडकीनकडं, बांधावर एक गोड बोरांचं झाड होतं. जमीन कारखान्याच्या प्लॉटात गेली, झाड तुटणार हे ठरलं. तेव्हा बाईंनी त्याची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि भाऊ सोनाजीकडून मुकुंदवाडीच्या घरामागच्या रानबोरीवर तिचा डोळा भरून, म्हणजे कलम करून घेतला. डोळा फुटला, आणि त्याच आठवड्यात बाई गेल्या. दहाव्याला सोनाजीनं चहाच्या दुधासाठी टेम्पोतून दुभती शेळी आणली. रामहरीभाऊ धनगर, त्यांच्या घरात पिशवीतलं दूध चालत नाही. गर्दीत ती शेळी त्याच बोरीला बांधली गेली आणि तिनं फुटवा खाल्ला. सोनाजीची शेळी म्हणून सगळ्यांनी सोनाजीलाच बोल लावला. तोही मुकाट ऐकून घेऊन गेला.

झाड पुन्हा फुटलं. पण भरलेल्या डोळ्यातून, की खालच्या रानखुंटातून? कुणी पाहिलं नव्हतं. तीन वर्षांत एक बोर लागलं नाही, आणि पानावरून सोनाजीलाही सांगता येईना. आता मुलाचं, आकाशचं लग्न ठरलं आहे. त्याला झाडाच्या जागी खोली काढायची आहे.

"म्हटलं, तिचं असंल तर राहू दे. नसंल तर तोड," रामहरीभाऊ म्हणाले. जुन्या झाडाचा पाला सोनाजीच्या छपरात उरला होता, तोच त्यांनी आणला होता, आणि सोबत घरामागच्या झाडाची ताजी पानं.

बोरीचं पान फार चिकट. पहिल्या खेपेला नळीत भेंडीच्या तारेसारखा तपकिरी चिकटा आला, आणि त्यातून काही निघेना. मी म्हटलं, सोडून द्या, पाला जुना आहे. त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या खेपेला मीठ वाढवलं, पीठ चार वेळा धुतलं, आणि थंडगार अल्कोहोल नळीच्या कडेनं सोडलं. डीएनएचा पांढरा धागा वर आला. बावीस वर्षं आम्ही नळ्यांवर आकडे घालतो. या नळीवर त्यांनी लिहिलं, पुतळाबाई.

दोन्ही झाडांच्या डीएनएचे पट्टे जेलवर शेजारी शेजारी आले. मी चष्मा शोधेपर्यंत त्यांनी बघितलं होतं.

"नाय जुळत."

मी नीट पाहिलं. नव्हतेच जुळत. घरामागचं झाड रानबोरीचंच होतं.

त्यांनी पुतळाबाईंची नळी उजेडात धरली. "ह्याच्यातून झाड नाय ना होत, मॅडम?"

उत्तर त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. नाही म्हणताना मला फार वाईट वाटलं. त्यांनी नळी फ्रीजरमध्ये ठेवली आणि खल धुवायला घेतला.

सोमवारी आले तेव्हा त्या बधिर बोटांपैकी एक सुजलं होतं. रविवारी झाड स्वतःच तोडलं होतं, आणि काटा मोडून आत राहिला होता. मी चिमट्यानं ओढला, भळकन रक्त आलं. ते दुसऱ्याच कुणाचं बोट असावं तसे बघत होते.

"दुखत नाही?"

"नाय." मग स्वतःच म्हणाले, "शेळी सोनाजीनं नव्हती बांधली. मी बांधली. ल्हानपन शेळ्यांमागं गेलं माझं. कोवळं काय ठिवती ती? आन् मीच बांधली. तीन वर्सं लोक त्याला बोलत्यात आन् मी ऐकतोय."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

मी पट्टी बांधली. त्यांनी डाव्या हातानं खिशातून फोन काढून माझ्यापुढं धरला.

"मला आकडे दिसंनात. सोनाजीला लावून द्या."