मागची जागा

माझी सून उंच आहे. किती, ते आकड्यात सांगत नाही, कारण आकडा ऐकला की लोक भिंतीकडे बघून माप घ्यायला लागतात. एवढंच सांगते की पंख्याची पाती पुसायला तिला स्टूल लागत नाही, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीला मी जुन्या उशीचा तुकडा ठोकून बसवलाय. बाकी आम्ही सगळे बुटके. यजमान बुटके होते, मी त्यांच्याही खांद्याला लागायचे, आणि आमचे चिरंजीव आम्हा दोघांवर गेले. रुंदी तेवढी त्यांनी स्वतःच्या हिमतीवर कमावली.

लग्न ठरलं तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. शोभत नाही म्हणाले. मी म्हटलं, शोभेसाठी आणत नाहीये. पोरगी शांत, कामाला वाघ, आणि माझ्या शिवणाच्या मशीनचा आवाज तिला सहन होतो, मला आणखी काय हवं होतं?

एक गोष्ट मात्र मला पहिल्या दिवसापासून खटकायची. ती कायम अंग चोरून असायची. खुर्चीवर बसली तर टोकावर. पलंगावर झोपली तर गुडघे पोटाशी. फोटो काढायचा म्हटलं की कुणी न सांगता मागच्या रांगेत जाऊन पाय वाकवून उभी राहणार. मी कितीदा म्हटलं, "अगं, नीट बस, खुर्चीचं भाडं नाही द्यावं लागत." ती हसायची आणि टोकावरच बसायची.

ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. शिकली रक्त घ्यायचं काम, पण तिला बसवलं काउंटरवर. बसवलं म्हणजे उभं केलं. समोर काच, आणि काचेला खाली एक अर्धगोल खिडकी. ती कुणाच्या मापानं कापली होती देव जाणे, माझ्यासारखीच्या मापानं असणार. दिवसभर कमरेत वाकून त्या भोकातून नाव विचारायचं, वय विचारायचं, उपाशीपोटी आलात का ते विचारायचं. संध्याकाळी घरी आली की ती थेट फरशीवर पालथी पडायची आणि मी तिच्या कमरेवर गरम पाण्याची पिशवी ठेवायचे. डॉक्टर म्हणाले, वाकणं बंद करा. सांगायला त्यांचं काय जातंय!

मग घरोघरी जाऊन रक्त आणणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि सुनेनं धीर करून ती जागा मागितली. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, स्वतःची गाडी हवी, आणि महिनाभर बघू. जमलं तर ठीक, नाहीतर काउंटर आहेच. त्या दिवशी ती घरी आली तीच लहान मुलीसारखी. गेली कित्येक वर्षं मी तिला स्वतःसाठी काही मागताना पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

वरच्या मजल्यावरच्या मुलीची स्कूटर स्वस्तात मिळाली. फिकट निळी, गिअर नसलेली, ऑफिसला जाणाऱ्या कुणाच्याही दारात दिसते तशी. लायसन्स सुनेकडे होतं, कॉलेजात असताना भावाच्या मोटरसायकलवर काढलेलं. पण त्यानंतर गाडीला हात लावला नव्हता, तेव्हा शिकणं आलं. शिकवायची जबाबदारी चिरंजीवांनी घेतली. आमच्या चिरंजीवांना स्कूटर चालवता येत नाही, शिकवता मात्र येते. मागे ऐसपैस बसून, बॅग मांडीवर घेऊन, ते तिच्या कानात सूचना सोडायचे. "आता ब्रेक. आता हळू. आता हॉर्न."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी उजवीकडे वळताना तिचा गुडघा हँडलखाली आला. उजवी मूठ आणि गुडघा यांच्यात मनगट सापडलं, मूठ पिरगाळली गेली, आणि गाडीनं जी उडी मारली ती थेट चावीवाल्याच्या टेबलावर. चाव्यांचा पाऊस पडला. चिरंजीव त्याआधीच उतरले होते, कसे ते अजून कुणाला कळलेलं नाही. कपडे झटकत ते म्हणाले, "घाई केलीस." चावीवाला बिचारा भला माणूस. तो म्हणाला, "ताई, लागलं नाही ना?" आणि रस्त्यावर बसून चाव्या वेचायला लागला.

नोकरी सुरू झाली. सकाळी चिरंजीवांना त्यांच्या ऑफिसवर सोडायचं आणि मग पुढे आपल्या घरांना जायचं, असं ठरलं. कुणी ठरवलं ते विचारू नका, आपोआप ठरलं. गाडी आली म्हणजे चिरंजीव बसणारच.

काही दिवसांनी तिची पँट उसवली म्हणून माझ्याकडे आली. लॅबच्या गणवेशाची पँट तिला आखूडच पडते, खाली मी पट्टी जोडून दिली होती. आता बघते तर उजव्या गुडघ्यावर कापड विरलेलं. तिला म्हटलं, "गुडघा दाखव." काळानिळा पडला होता.

"काही नाही हो आई, हँडल लागतं."

"मग वळतेस कशी?"

"उजवीकडे वळतच नाही," ती म्हणाली.

मला आधी वाटलं चेष्टा करतेय. मग तिनं टेबलावर चमचे मांडून दाखवलं. उजवीकडे जायचं असेल तर ती सरळ पुढे जाते, मग डावीकडे, परत डावीकडे, परत डावीकडे, म्हणजे मूळ रस्ता ओलांडून पलीकडे. डावीकडे वळताना डावा पाय बाहेर काढता येतो, आणि त्या मुठीत ॲक्सिलरेटर नसतो. सगळा गाव ती डाव्या हातानं फिरत होती. चिरंजीवांचं ऑफिस आमच्या फाटकातून निघालं की उजवीकडे, बसनं दोन-तीन थांबे. तिथे पोचायला ही बाई अर्ध्या गावाला वळसा घालत होती, आणि तोवर तिची पहिली घरं उपाशी बसून राहत होती.

उपाशी म्हणजे खरोखर उपाशी. साखर तपासायची असली की पोटात काही नसावं लागतं. मधुमेहाचे एक आजोबा चहाविना वाट बघून बघून चक्कर येऊन खाली बसले. त्यांच्या मुलीनं लॅबला फोन केला आणि व्हायचं ते झालं. मॅडमनी बोलावून सांगितलं, आणखी एक तक्रार आली की काउंटर.

ते सांगताना ती माझ्या पलंगाच्या टोकावर बसली होती. "आई, ती खिडकी परत नको हो," एवढंच म्हणाली.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. चिरंजीव म्हणाले, पाय बाहेर काढून चालव. तसं करून बघितलं, तर एक रिक्षावाला शेजारून ओरडला, "ताई, पंख आवरा!" मेकॅनिक म्हणाला, हँडल वर होत नाही, सवय करा. वरच्या मजल्यावरची म्हणाली, विकून मोठी घ्या. सगळ्यांचं म्हणणं एकच, गाडी बरोबर आहे, चूक हिच्या पायांची आहे. आणि आमच्या सूनबाईंना ते पटतही होतं, ह्याचा मला जास्त राग येत होता.

रविवारी मला नवा चष्मा आणायचा होता. चिरंजीव साखरझोपेत होते. सून म्हणाली, "चला, मी नेते." माझी पाचावर धारण बसली होती, पण नाही म्हटलं असतं तर तिचा उरलासुरला धीर गेला असता. बसले मागे. डोळे मिटले. पुढच्या चौकात उघडले, तेव्हा लक्षात आलं की धरायला काही नाही. म्हणजे सून होती, पण लांब होती. माझ्या आणि तिच्या पाठीच्या मध्ये एक गलेलठ्ठ माणूस सहज बसला असता. ती सीटच्या अगदी चोचीवर बसली होती, गुडघे हँडलला टेकवून, आणि मागे सगळं मैदान मोकळं.

चष्म्याच्या दुकानाशेजारी रविवारी बंद असलेलं एक गोदाम आहे, त्याच्या आवारात आम्ही थांबलो. मी उतरले. ती तशीच बसलेली.

"मागे सरक," मी म्हटलं.

"कुठे?"

"मागे. सीट आहे ना मागे?"

"तिथे ते बसतात ना, आई."

"आत्ता कुठे बसलाय तो?"

तिनं वळून मागे बघितलं. खरंच वळून बघितलं हो, कुणी आहे का ते. मग हळूच सरकली. आणखी सरक म्हटलं, आणखी सरकली. पाय पसरले, गुडघे खाली उतरले, पाठ आपोआप सरळ झाली. तिनं हँडल पूर्ण उजवीकडे फिरवलं. मूठ गुडघ्याच्या वरून, चांगलं अंतर ठेवून गेली. परत फिरवलं. परत गेली.

काय झालं होतं ते आम्हा दोघींना एकदमच कळलं. ती शिकली तीच चिरंजीवांना मागे घेऊन. त्यांच्या रुंदीतून जी उरली तेवढीच सीट आपली, असं तिच्या अंगात बसलं. सकाळी त्यांना ऑफिसवर उतरवल्यावरसुद्धा दिवसभर ती त्यांची जागा राखून गाडी चालवत होती. गुडघा फोडून घेत होती, वळसे घालत होती, पण रिकामी जागा वापरत नव्हती. ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी रडले नाही. मला एवढा संताप आला होता की रडायला जागाच नव्हती.

मग तिनं त्या आवारात उजवीकडे फेऱ्या मारल्या. मी नवा चष्मा घालून आले तरी तिच्या फेऱ्या चालूच होत्या. घरी येताना मी मागच्या कडीला धरून, उरलेल्या पट्टीवर बसले. मी मुठीएवढी, मला तेवढं पुरतं.

चिरंजीवांना पुरलं नाही. संध्याकाळी तिनं त्यांना बसवून बघितलं. "मी काय हवेत बसू?" म्हणाले. मग उतरून शांतपणे म्हणाले, "एक कर. मला सोडेपर्यंत पुढे बस, मग सरक मागे. हाय काय नि नाय काय." बोलणं वाकडं नव्हतं. फक्त त्यात तो सकाळचा वळसा तसाच राहत होता, आणि उपाशी माणसंही. तिनं गाडी स्टँडला लावली. मी तोंडाला कुलूप लावलं. नवराबायकोत आपण पडू नये, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, ही ऐकणार त्यांचं. आजवर ऐकतच आली होती.

सोमवारी सकाळी मी गॅलरीत उभी होते. ती हेल्मेट घालून गाडीवर बसली होती, रक्ताच्या नळ्यांची थंड पेटी डिकीत ठेवून झाली होती. बसली होती ती पार मागे, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून. चिरंजीव बॅग आणि डबा घेऊन आले आणि गाडीपाशी थांबले.

"सरक ना पुढे."

"नाही," ती म्हणाली. बहुतेक तिलाच ते तुटक वाटलं, कारण लगेच म्हणाली, "अहो, पहिले आजोबाच आहेत, उपाशी बसलेत. तुम्हाला घेतलं की मला उजवीकडे वळता येत नाही. तुम्ही बसनं जा."

"आजच्या दिवस?"

"रोज."

त्यांना गंमत वाटली असावी, ते हसले. तिनं गाडी सुरू केली, फाटकाशी थांबली, दोन्हीकडे बघितलं आणि उजवीकडे वळून गेली.

माझा मुलगा तिथेच उभा राहिला, एका हातात बॅग, एका हातात डबा. मग त्यानं वर बघितलं. लहानपणी पोरांनी खेळायला घेतलं नाही की तो असाच वर बघायचा, आणि मी चपला घालून खाली जायचे. माझा पाय चपलेकडे वळलाच. पोटचा पोर आहे, वळणारच.

"आई, तू तरी सांग ना तिला काहीतरी," तो म्हणाला.

"सांगून झालं माझं," मी म्हटलं. "मागे सरक म्हणून मीच सांगितलं."

त्यानं डबा बॅगेत घातला, बॅग खांद्याला अडकवली आणि बस गाठायला चालू लागला.